आडवा टाकलेला गर्डर
शेजारी ग्रिलला लाल प्रायमर मारत आहेत. त्या वासाने राजापेठेतलं आमचं बांधकाम आठवलं. मधली भिंत काढून मिस्त्रीने वरच्या खोलीसाठी लाल प्रायमर मारलेला लोखंडी गर्डर टाकला, तोही कडेवर उभा न ठेवता आडवा, कुशीवर पाडून. नवऱ्याने लगेच नारळ फोडला. मी लाकडी पट्टी दोन विटांवर ठेवून दाबली. आडवी ठेवली तर वाकली, कडेवर उभी धरली तर वाकली नाही. "गर्डर उभा करा," मी म्हटलं. मिस्त्री हसला, "काकू, तुमी चहा ठेवा." नवरा म्हणाला, "पूजा झाली, आता हलवाचा नाही." "सून अन् नात वर झोपणार. स्लॅब काय नारळ पेलणार हाये?" मी विचारलं. मी गर्डरखालीच बसून राहिले, चूलही पेटवली नाही. संध्याकाळी मिस्त्रीने तो कडेवर उभा केला. चूक आपणच पकडली, असं नवरा मरेपर्यंत सांगायचा. आता सूनही सासऱ्यांनीच पकडली म्हणून सांगते. मी ऐकून घेते. कोण बोलत बसणार?