गेटातली उघाडी

आमच्या कोपरच्या सोसायटीत मजल्यामागे एक इंजिनियर आहे. त्या सकाळी वरून उल्हास नदी फुगून येत होती, खालून खाडीची भरती चढत होती, आणि गेटात पाणी अडवायला लावायची रेतीची गोणी गच्च भरायची की अर्धी यावर या मंडळींची जुंपली होती. मी वैतागून म्हटलं, "अहो, आधी भरा तरी." माझा जीव टांगणीला लागलेला. तिसऱ्या मजल्यावर बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर होते आणि मीटरची खोली तळमजल्यावर. तिथं पाणी शिरलं की वीज जाणार, मशीन बंद पडणार. रस्ता बुडाल्यामुळे अँब्युलन्स येणं शक्यच नव्हतं.

शेजारच्या बांधकामावर रेती होती, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या. मागच्या चाळीतली माणसं न बोलावता आली. त्यांच्या घरांत तर आधीच पाणी होतं. मला त्यांच्याकडे बघवेना, पण गोणी हातात आली की पुढे सरकवायची, एवढंच सुचत होतं. दुपारपर्यंत गेटात कमरेएवढी भिंत उभी राहिली आणि आम्ही तिचे फोटोसुद्धा काढले.

मग पाणी आतूनच चढायला लागलं. पाऊस थांबत नव्हता, गटारं उलटी वाहत होती. बघता बघता मीटरच्या खोलीचा उंबरा ओला झाला.

बाजूच्या आगरी गावातली एक आजी सकाळपासून गोण्यांची तोंडं बांधत होती. ती उठली, भिंतीवरून वाकून बाहेर बघत राहिली. बाहेरच्या पाण्यावरचा पाला हळूहळू खाडीकडे वळत होता आणि ते पाणी आतल्यापेक्षा वीतभर खाली गेलं होतं.

"ओहोटी लागली. भिंत फोरा," ती म्हणाली.

"आजी, वेड लागलंय का?" सेक्रेटरी ओरडले.

ती आवाज न चढवता सांगत गेली. आमच्या इमारतीखाली तिच्या माहेरची भातशेती होती. खाडीचं पाणी अडवायला बांध होता आणि आता गेट आहे तिथंच त्या बांधाची उघाडी, म्हणजे लाकडी दार. भरतीला बंद करायचं, ओहोटीला आतलं पाणी सोडायला उघडायचं. लग्न होईपर्यंत ते काम तिचं होतं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाप माझा होता. मी सहसा कुणाचं ऐकणारी बाई नाही, पण त्या पाल्याकडे बघितलं आणि पहिली गोणी मीच ओढली.

पाणी क्षणभर तसंच उभं राहिलं. मग चपला, कचऱ्याचे डबे, आमची सगळी घाण घेऊन घोंघावत बाहेर निघालं. वीस वर्षं मी या जमिनीवर राहते आणि ती मला आत्ता पहिल्यांदा दिसत होती. उंबरा उघडा पडला. वर मशीन चालूच होतं.

मी चिखलातच आजीच्या पायांवर वाकले.

"पाया काय परतंस," ती म्हणाली, "रातची भरती यायचीय. गोन्या लाव परत."