शेवटचा रकाना

समोर सुनंदाताईंच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांची शाल पंधरा दिवस तशीच आहे. एसी सोसत नाही म्हणून घरून आणलेली. ताई रजेवर आहेत, एवढंच आम्हाला माहीत.

दर शुक्रवारी आम्ही सगळे मोबाइलवर एक फॉर्म भरतो. काम किती टक्के झालं, कुठे अडलंय. ती उत्तरं गोळा करून साहेबांसाठी तक्ता करायचं काम माझं. ज्याचा फॉर्म वेळेत आला त्याच्या नावापुढे हिरवा रंग, नाही आला की लाल. ‘आणखी काही सांगायचंय?’ हा शेवटचा रकाना कागदावर मावत नाही, म्हणून मी तो पहिल्यापासून लपवून ठेवलेला.

आज चुकून तो उघडला. बाकी सगळा कोरा, फक्त ताईंच्या नावापुढे मजकूर. “ह्यांना दवाखान्यात ठेवलंय, तरी काम वेळेत देईन.” पुढच्या आठवड्यात, “आज ह्यांनी मला ओळखलं नाही.” आणि गेल्या शुक्रवारी, “काल हे गेले. उरलेलं दहा टक्के तेराव्यानंतर करते.”

माणूस मन मोकळं करायला जागा शोधतोच. मी चार हातांवर बसायचो, रोज चहाला सोबत असायचो. ताईंना माझ्यापेक्षा तो रकाना जवळचा वाटला.

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब तक्ता दाखवून म्हणाले होते, “ताईंकडून शिका जरा. रजेवर असूनही हिरव्या!”

टाळ्या सगळ्यांत आधी मी वाजवल्या होत्या.