बाई परमनंट आहेत, निगेटिव्ह करा!

मास्तरकीत डोक्यावरचे केस जातात आणि डोक्यात किस्से तेवढे राहतात. माझे बहुतेक किस्से एकाच पत्र्याच्या पलीकडून आलेत.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावभर पाट्या नव्या लागल्या, नळ मात्र जुनेच! त्यात दुष्काळ. आमची शाळा एका भाड्याच्या गोडाऊनमध्ये. दोन वर्गांच्या मधे नुसता पत्रा. अलीकडं माझं गणित, पलीकडं कांबळे बाईंचं पाचवीचं इंग्रजी. बाईंचे वडील दाल मिलमध्ये हमाल, घरात शिकलेल्या ह्या पहिल्याच. नोकरी टेंपररी. परमनंट झाल्या तर अख्खं घर उभं राहणार होतं, आणि ते संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात होतं.

*

"इजच्या पुढं नॉट घाला, झालं निगेटिव्ह!" बाई ओरडून ओरडून सांगायच्या. पोरं नॉट हमखास शेवटी टाकायची. "धिस इज अ पेन नॉट!"

"अरे, शेवटी का टाकायलात?"

"बाई, मराठीत न्हाई शेवटीच येतंय की!"

स्टाफरूममध्ये हे सांगून बाई म्हणाल्या, "इंग्रज माणूस बरा हो सर. मधेच नाही म्हणून मोकळा होतो. आपल्यात वाक्य संपेपर्यंत आशेला लावून ठेवतात."

*

अध्यक्ष तर वाक्य संपलं तरी नाही म्हणायचे नाहीत. बाई विचारायच्या, "सर, माझ्या ऑर्डरचं काय झालं?"

"हाव हाव, बघू की!"

दर जूनला हेच. शेवटी मीच बाईंना म्हणालो, "पोरांना पुरतं शिकवा. नॉट घातलं की इंग्रजीत निगेटिव्ह होतं, बघू म्हटलं की मराठीत!"

बाई हसल्या, पण डोळे पुसून.

*

शिवलीला किराणा दुकानदाराची पोरगी, वर्गात सगळ्यात हुशार. बाईंनी फळ्यावर लिहिलं, "देअर इज राइस इन द हाउस." म्हणाल्या, "कर निगेटिव्ह."

पोरगी उठेचना. बाईंनी दोनदा विचारलं तर रडायलाच लागली.

"घरात तांदूळ नाहीत असं म्हणू नये बाई. वाढले म्हणायचं! आई मारंल!"

खरंच की. आपल्याकडं तांदूळ संपत नाहीत, वाढतात. त्या हिशोबानं त्या साली लातुरात पाणी लई वाढलं होतं!

*

पोरं दप्तरासोबत घागर घेऊन शाळेत यायची. एकदा बाईंनी वाक्य दिलं, "द टँकर इज हिअर." एक पोरगं उठून मोठ्यानं म्हणालं, "द टँकर इज नॉट हिअर!"

"शाब्बास!" बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. वर्ग मोकळा! मी पत्र्याआडून डोकावून बघतो तर फळ्यापाशी बाईपण नव्हत्या. त्याही बादली घेऊन पळाल्या होत्या.

*

मग इन्स्पेक्शन लागलं. अध्यक्ष बाईंना म्हणाले, "साहेबांचा शेरा चांगला आला, की तुमचं काम झालंच समजा." बाईंनी पोरांकडून रविवारीसुद्धा घोटून घेतलं.

साहेब आले आणि त्यांनीच वाक्य दिलं, "देअर इज वॉटर इन लातूर."

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "देअर इज नॉट वॉटर इन लातूर!"

हेडमास्तर पांढरेफटक पडले. साहेब घसा खाकरून म्हणाले, "ग्रामर बरोबर आहे. पण पाणी नाही असं म्हणायचं नसतं बाळांनो. टंचाई आहे असं म्हणायचं. पॉझिटिव्ह!"

शेरा मात्र उत्तम दिला. बाईंनी आम्हाला पेढे वाटले. मीच म्हणालो होतो, वाटा, आता कशाला थांबता!

*

दिवाळीनंतर अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं. तेव्हाही नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "तूर्त जरा आराम करा." दुसऱ्या दिवशी बाईंच्या खुर्चीत अध्यक्षांचा भाचा! आम्ही सगळे स्टाफरूममध्ये चहा पीत बसलो. अजूनही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पहिल्याच तासाला नव्या सरांचा आवाज पत्र्यातून आला. "कांबळे बाई तुम्हाला निगेटिव्ह शिकवून गेल्या म्हणे. बघू तरी! कांबळे मॅडम इज अवर टीचर. करा निगेटिव्ह!"

मी पत्र्याला कान लावला. माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

"शिवलीला, तू सांग."

"येत न्हाई, सर."

"तू रे?"

"येत न्हाई."

एकेकाला उठवत गेले. शेवटच्या बाकापर्यंत तेच. "येत न्हाई, सर." छड्या वाजत होत्या, त्यासुद्धा ऐकल्या मी.

मधल्या सुट्टीत भाचा हात झटकत स्टाफरूममध्ये आला. हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि आमच्याकडं बघून म्हणाले, "बघा! अध्यक्षांनी उगाच नाही काढलं बाईंना. इतके दिवस वर्ग हातात होता, पोरांना साधं निगेटिव्हसुद्धा शिकवलं नाही!"