पगार वाढला

कुंभिवलीच्या नाक्यावर सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहताना मी एका मावशींकडून काकडी घ्यायचो. त्यांचं नाव कधी विचारलं नाही. काकडी चिरताना त्या मुलाबद्दल बोलायच्या. तो इंग्लंडात एका हॉटेलात आचारी होता.

एकदा त्या म्हणाल्या, "तिकडं नवा कायदा आलाय. बाहेरच्या मानसाला ठेवायचा तर मालकानं पगार वाढवायला पायजे. नायतर पोराला परत यावं लागंल."

"वाढवेल हो मालक," मी धीर दिला.

त्यांची सुरी थांबली. "समदी तेच बोलतात. मी मात्र देवाला सांगते, नको वाढू दे. आई हाय का वैरीण मी?"

तेवढ्यात बस आली आणि मी काकडी घेऊन चढलो.

काही दिवसांनी त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "वाढवला मालकानं पगार. आता पोरगा तिकडंच राहील. पोराचं भलं झालं." त्या हसल्या आणि पदराने घाईघाईने डोळे पुसले.

मग त्यांनी विचारलं, "तिकडं आता रात असंल ना वो?"

"हो, मध्यरात्र उलटली असेल."

"मंग निजला असंल," त्या म्हणाल्या. एवढ्या हळू, की जणू तो आतल्या खोलीतच झोपला होता.