खिडकीकडे की पॅसेजकडे

माझ्या थोरल्या साडूंना उद्या स्वर्गातून बोलावणं आलं, तरी ते दारातच उभे राहतील आणि आत ऊन कुठल्या बाजूने येतं, पंखा कुठे आहे, जेवण वाढायला कुठून सुरुवात करतात, याची चौकशी केल्याशिवाय टेकणार नाहीत. चौकशी झाल्यावर तरी टेकतील याची खात्री नाही. कारण जितकी माणसं भेटतील तितकी उत्तरं मिळणार, आणि साडूंचा स्वभाव असा की प्रत्येक उत्तर त्यांना पटतं. त्यामुळे आयुष्यात ते बसण्यापेक्षा उभेच जास्त राहिले आहेत. माणूस अतिशय प्रेमळ. पण त्यांच्याबरोबर तासभर घालवला की आपण मघाशी कुठे बसलो होतो आणि तिथून का उठलो, हे आपल्यालाही नीट सांगता येत नाही.

ते मूळचे समुद्रकाठच्या नवापूरकडचे. गावी घरची वाडी आहे, ती धाकटा भाऊ बघतो. साडू शिकून बोईसरला एमआयडीसीत औषधाच्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तयार गोळ्या तपासण्याच्या खात्यात राहिले. चांगल्या दिसणाऱ्या गोष्टीत काहीतरी बिघाड असणारच, असं समजून तिच्याकडे बघायचा त्यांना पगार मिळत होता. माझ्या मते घोटाळा तिथेच झाला. गोळी तपासून झाली की माणसाने ती नजर कारखान्यात ठेवून घरी यावं. साडू ती नजर घेऊन पंगतीत, न्हाव्याच्या दुकानात, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे गेले.

एकदा आम्ही दोघे पालघरहून एसटीने मासवणला एका स्नेह्यांच्या वास्तुशांतीला निघालो होतो. सकाळची वेळ, गाडी बऱ्यापैकी रिकामी. साडूंनी आधी डेपोतच उभं राहून दिशा ठरवल्या. गाडी पूर्वेला जाणार, ऊन उजवीकडून येणार, म्हणून आम्ही डावीकडे बसलो. गाडी सुटली, वळली, आणि ऊन थेट आमच्या तोंडावर. आम्ही उजवीकडे गेलो. पुढे रस्ता परत वळला. असं करत करत आम्ही त्या गाडीतल्या बहुतेक जागा बघून घेतल्या. शेवटी कंडक्टर त्यांच्याजवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, सूर्य हाय तितंच हाय. गाडी वळते." साडूंनी त्यावर गंभीरपणे विचार केला. मग मला म्हणाले, "म्हणजे चूक आपली नाही, साडूभाऊ. रस्त्याची आहे." तोवर वाटेतल्या गावांचे लोक चढले होते, आणि आम्ही मासवणला उतरलो ते दांड्याला धरून उभ्याने.

त्यांचं लग्नसुद्धा अशाच गोंधळातून झालं. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, त्यांना बघायला ते पालघरला आले तेव्हा बरोबर एक मित्र होता. ताईंना आतल्या खोलीत सांगून ठेवलं होतं, की खिडकीजवळच्या खुर्चीत बसलाय तो मुलगा. ते तेव्हा खरंही होतं. पण ताई चहा घेऊन येईपर्यंत साडूंना त्या खिडकीतून येणारा वारा अंगावर बसेल असं वाटलं, आणि त्यांनी मित्राशी जागा बदलली. ताईंनी मान खाली घालून, अधूनमधून डोळे वर करून, त्या मित्राला व्यवस्थित बघून घेतलं आणि आत जाऊन होकार दिला. साखरपुड्याला समोर हे उभे. ताई सांगतात, "मला वाटलं, हे त्याचे थोरले भाऊ असतील. वाट बघत राहिले, तो अजून कसा येत नाही." खरा प्रकार कळल्यावर घरात थोडी धावपळ झाली, पण ताईंनीच ती थांबवली. तो मित्र फारच ऐटीत बसला होता, हा निदान गोंधळलेला तरी आहे, असं त्यांना वाटलं म्हणे. हे ताई साडूंच्या समोर सांगतात. साडू दर वेळी ऐकून घेतात आणि म्हणतात, "वारा खरंच फार होता."

अशा माणसाच्या मुलीने अमेरिकेत संसार मांडला आणि पहिल्या बाळंतपणासाठी आई-बाबांना बोलावलं. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, तिकिटं काढलीत. सीट मी इथून सिलेक्ट करून टाकते." साडू म्हणाले, "तू नको. मी करतो." मुलीने वाद न घालता विमानाचा नकाशा पाठवून दिला. तिने बालपण या माणसाबरोबर काढलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी मला बोईसरला बोलावणं येऊ लागलं. साडूंच्या मोबाईलवर विमानाचा नकाशा होता. हिरवे चौकोन, करडे चौकोन, काही जांभळे. तो नकाशा त्यांना पाठ झाला होता, आणि जितका पाठ होत गेला तितका कळेनासा होत गेला. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, पॅसेजकडची घ्या, पाय मोकळे होतात. डॉक्टरांनी तेच सांगितलं. वरच्या मजल्यावरचा एकजण म्हणाला, खिडकी घ्या, नाहीतर आतला माणूस सतत तुम्हाला उठवेल. कोणी म्हणे पंखाजवळ बसा, धक्के लागत नाहीत. कोणी म्हणे पंखाजवळ बसलात तर बाहेरचं काही दिसत नाही. साडूंनी गावी फोन करून भावाला विचारलं, तर तिथे त्याचा एक मासेमारीला जाणारा दोस्त बसला होता. त्याने फोन हातात घेऊन सांगितलं, "पाटी बसा, भाऊ. फुडं पानी उडतंय." साडूंनी फोन ठेवला आणि नकाशातल्या मागच्या रांगांवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाले, "विमानात पाणी उडत नाही. पण तो म्हणतोय त्यात काहीतरी असणार."

त्यातच त्यांच्या लक्षात आलं, की रांगेत ए, बी, सी करत एचपर्यंत जागा आहेत आणि त्यानंतर एकदम जे. आय नाही. मला वाटलं नकाशातली चूक असेल. साडूंना वाटलं, सर्वांत चांगली जागा तीच असणार आणि ती कोणासाठी तरी बाजूला ठेवली असणार. त्यांनी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं, "मॅडम, ये आय सीट किधर है?" पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, हमारे यहाँ आई नहीं होती." स्वयंपाकघरातून ताई हात पुसत बाहेर आल्या. "कोणाची आई नाही?" त्यांनी विचारलं. साडू म्हणाले, "विमानाची." ताई म्हणाल्या, "अरेरे," आणि परत आत गेल्या.

पुढच्या रविवारी गेलो तर दिवाणखान्यात खुर्च्यांच्या रांगा. जेवणाच्या टेबलाच्या, प्लॅस्टिकच्या, शेजाऱ्यांकडून आणलेल्या, सगळ्या भिंतीकडे तोंड करून. सोफा हा पंख होता. न्हाणीघर होतं तिथेच होतं, त्यामुळे ते बरोबर जमलं होतं. आम्हा सगळ्यांना जागा देऊन साडू प्रत्येक जागेवर बसून बघत होते, मधेच उठून आम्हाला ओलांडून न्हाणीघराकडे जात होते. दार उघडंच होतं. इतक्यात खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ रांगा बघून थांबले, चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि शेवटच्या रांगेत येऊन मान खाली घालून बसले. जरा वेळाने त्यांनी मला हळूच विचारलं, "कधी गेले?" मी काही बोलायच्या आत पुढच्या रांगेतून साडू म्हणाले, "अजून नाही. तिकीट पुढच्या महिन्याचं आहे." ते गृहस्थ चहा घेऊन गेले, पण जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जो गोंधळ होता, तोच माझ्याही चेहऱ्यावर असणार.

अखेर निर्णय झाला. तीन जागांच्या रांगेत ताईंना खिडकी, साडूंना पॅसेज, मधली मोकळी. एकट्याने जाणारा कोणीही मधली जागा घेत नाही, त्यामुळे ती रिकामीच राहते आणि दोघांना ऐसपैस होतं, असं त्यांना कोणीतरी समजावलं होतं.

ताई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही माझ्या शेजारी नाही?"

"शेजारीच. मधे फक्त एक जागा."

"तिथे कोणी आलं तर?"

"येत नाही कोणी. मधली जागा कोणाला नको असते."

"मला चालली असती," ताई म्हणाल्या. पण साडू तोवर मुलीला फोन लावत होते, आणि आम्ही इतके दमलो होतो की निर्णय झाला याचाच आनंद जास्त होता. ताई विमानात कधी बसल्या नव्हत्या. त्यांना भीती वाटतेय का, हे इतक्या रविवारांत कोणी विचारलंच नाही.

विमानतळावर आम्ही काचेबाहेर उभे राहिलो आणि ते दोघे ट्रॉली ढकलत आत गेले. थोड्या वेळाने फोन आला. साडूंचा आवाज बदलला होता. "साडूभाऊ, विमानच बदललं." काही बिघाड की काय म्हणून ऐनवेळी दुसऱ्या प्रकारचं विमान लावलं होतं, आणि जुन्या जागा रद्द होऊन सगळ्यांना नव्या मिळाल्या होत्या. साडू एकीकडे, ताई बऱ्याच मागे. काउंटरवरची मुलगी म्हणत होती, आत गेल्यावर बघा, कोणी बदलून दिली तर. मी विचारलं, "आता?" साडू म्हणाले, "मला काही कळत नाही," आणि फोन बंद झाला. इतकी वर्षं मी त्यांना गोंधळलेलं बघितलं होतं, पण मला काही कळत नाही असं ते कधी म्हणाले नव्हते.

पुढचं ते काही महिन्यांनी परत आले तेव्हा कळलं. नात झाली होती, तिचे फोटो बघून झाले, आणि साडू सांगू लागले. नशिबाने त्यांना मिळालेली जागा त्या विमानातली राणी होती. पॅसेजकडची, समोर दुसरी रांगच नाही, नुसती भिंत, आणि ती इतकी दूर की पाय पूर्ण लांब केले तरी लागत नव्हती. न्हाणीघर जवळ, पण वास नाही. शेजारचा माणूस बारीक आणि झोपाळू. साडूंनी शोधून शोधून दोष काढायचा प्रयत्न केला आणि त्यांना एकही सापडला नाही. "अशी जागा पुन्हा मिळायची नाही," ते म्हणाले. विमान वर गेलं, पट्टे सोडायची परवानगी झाली, जेवणं झाली, आणि साडू उठून मागे गेले. ताई मधल्या रांगेत, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं, आणि दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरून समोर बघत बसलेल्या. जेवणाचं ताट उघडलंही नव्हतं.

एका बाजूला तान्ह्या मुलाला घेऊन एक बाई होत्या, त्यांना उठवणं शक्य नव्हतं. दुसऱ्या बाजूला एक वयस्कर, उंच गृहस्थ गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. साडूंनी त्यांना विनंती केली, की माझी पुढची जागा घ्या आणि ही मला द्या. गृहस्थांनी विचारलं, "वो सीट कैसी है?" साडूंनी खरं ते सांगितलं. पाय कसे लांब होतात, भिंत कशी दूर आहे. ते जितकं वर्णन करत गेले तितका त्या गृहस्थांचा संशय वाढत गेला. "इतनी बढ़िया है तो आप छोड़ क्यों रहे हैं?" ते उठून पुढे जाऊन जागा बघून आले, बसून बघितलं, खाली वाकून बघितलं, आणि परत येऊन म्हणाले, "समझ में नहीं आ रहा, खराबी क्या है." हवाई सुंदरी आली, तिलाही काही समजेना. साडू मला म्हणाले, "त्याचं सगळं बरोबर होतं हो. त्याच्या जागी मी असतो तर मीसुद्धा हेच विचारलं असतं." शेवटी त्यांनी ताईंकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, "ये मेरी मिसेस है." ते गृहस्थ लगेच उठले. "ये पहले बोलना था न," म्हणाले आणि पिशवी घेऊन गेले.

मग उरलेला सगळा प्रवास साडू त्या मधल्या रांगेत बसले. गुडघे पुढच्या पाठीला टेकलेले, खुर्ची मागे जात नव्हती, आणि पलीकडचं मूल रडत होतं. मी विचारलं, "कशी होती मग जागा?" साडू म्हणाले, "ठीक होती," आणि नातीचा आणखी एक फोटो शोधू लागले. इतक्या रविवारांनंतर मला एवढंच मिळालं.

बाकीचं ताईंनी आत स्वयंपाकघरात माझ्या बायकोला सांगितलं, आणि मी पाणी घ्यायला गेलो होतो म्हणून माझ्याही कानावर पडलं. साडू बसले आणि थोड्या वेळाने विमान जोरात हलायला लागलं. दिवे लागले, पट्टे बांधायला सांगितलं. ताईंनी डोळे मिटून घेतले. साडूंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "घाबरू नको गं. मी हाय ना."

साडू घरीदारी नेहमी नीट छापील मराठी बोलतात. ही बोली ते फक्त आपल्या आईशी बोलत, आणि आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ताई ओट्याशी उभ्या होत्या, गॅस बारीक केला होता. माझी बायको हसली, त्याही हसल्या. मग पदराने डोळ्यांचे कोपरे टिपत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. म्हटलं, आता हे विमान आणखी थोडं हललं तरी चालेल."