‘स्लो बेल’मधल्या कुकरच्या शिट्ट्या

या सदरातले गूढ अनुभव मी नेहमी वाचतो आणि बहुतेक वेळा मनात म्हणतो, यामागे कुणीतरी माणूसच असणार, लिहिणाऱ्याने नीट तपासलेलं नाही. माझ्या बाबतीत घडलं तेव्हा मी तपासलं होतं. चोरून तपासलं, कारण चोर मीच होतो. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

साल १९८७. जयपूर स्टेशनजवळची रेल्वे कॉलनी. माझे वडील गार्ड, आम्ही मूळचे भुसावळचे. दोन ब्लॉक सोडून सुधीरचं क्वार्टर. ते सोलापूरकडचे, त्याचे वडील सिग्नल खात्यात. सुधीर माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. आम्हा दोघांना इंग्रजी गाण्यांचं वेड, त्यातही हेवी मेटलचं. आमच्या घरी त्याला ‘भांडी पडल्याचा आवाज’ म्हणत.

त्या वर्षीच्या थंडीत सुधीरला प्लॅटफॉर्मवर एक इंग्रज टूरिस्ट भेटला. त्याची गाडी आठ तास लेट. सुधीर त्याला सरळ घरी जेवायला घेऊन आला. त्याच्याकडे ‘ग्रे फाउंड्री’ नावाच्या बँडची कॅसेट होती. या बँडचं एकच गाणं थोडंफार गाजलेलं, तेवढं आम्ही कुठल्याशा मिक्स कॅसेटवर ऐकलं होतं. तो म्हणाला, ते त्यांचं सगळ्यात फालतू गाणं. कुणी न ऐकलेली त्याची आवडती सात गाणी त्याने स्वतः निवडून या कॅसेटवर भरली होती. ‘सॉल्ट हाउस’, ‘ब्लाइंड मायनर’… आणि चौथं ‘स्लो बेल’. सात मिनिटांचं, अगदी संथ. सुरुवातीला नुसते ड्रम आणि बेस, गिटार येते ती जवळजवळ संपताना.

तो जेवून झोपला तेवढ्यात आम्ही कॅसेट उतरवून घेतली. डबल डेक कुणाकडे होता? त्यांचा टेपरेकॉर्डर आणि आमचा, दोन्ही समोरासमोर ठेवले, घरात सगळ्यांना गप्प बसवलं. पण ‘स्लो बेल’ चालू असताना स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि काकू, म्हणजे सुधीरची आई, ओरडल्या, “सुधीर, तीन झाल्या रे, गॅस बंद कर.” तेही कॅसेटवर आलं. सुधीर चिडला, मग म्हणाला, राहू दे, जगात असं ‘स्लो बेल’ फक्त आपल्याकडेच. त्याने कॅसेटच्या मागचे दोन चौकोनी तुकडे तोडून टाकले. ते तोडले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही.

मला मात्र ते गाजलेलं गाणंच जास्त आवडायचं. सुधीर चारचौघांत चिडवायचा, “पक्याला रेडिओने चावून दिलेलंच पचतं.” हे मला लागायचं.

एप्रिलमध्ये आठवड्याभरासाठी ती कॅसेट माझ्याकडे होती. तेव्हाच वसूताईसाठी, म्हणजे माझ्या बहिणीसाठी, नागपूरचं स्थळ आलं. त्यांना मुलीचं गाणं ऐकायचं होतं आणि एवढ्या लांब येणं जमत नव्हतं, म्हणून कॅसेट पाठवायची ठरली. ओळखीचे एक गार्ड संध्याकाळी तिकडे निघणार होते. त्या दिवशी गणगौरचा सण, दुकानं बंद, रस्ते मिरवणुकीने भरलेले. वडील म्हणाले, घरातली एखादी जुनी काढ. घरात जुन्या कॅसेट चार होत्या. मी सुधीरची काढली. मागच्या भोकांवर सेलोटेप लावला आणि वसूताईला म्हटलं, गा.

का केलं? त्या चिडवण्याचा राग… दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

सुधीरला सांगितलं की एका मित्राने नेली आहे, आणेल. असं महिनाभर चाललं आणि मग सुधीरला टीबी निघाला. इंजेक्शनं सुरू झाली. पावसाळा संपताना त्याचे कान वाजायला लागले. डॉक्टरांनी त्याच्या वडिलांना सांगितलं की औषध थांबवता येणार नाही, आणि ऐकू येणं बहुधा जाईल. काकू आमच्याकडे येऊन आईजवळ रडल्या. जाताना मला म्हणाल्या, “प्रकाश, त्याची ती धडाडधूम कॅसेट आणून दे बाबा. ऐकू येतंय तोवर ऐकू दे.”

ती नागपूरला होती. आणि जयपूरच्या एकाही दुकानदाराने त्या बँडचं नाव ऐकलेलं नव्हतं.

मग मी जे केलं ते लिहिताना आजही हात अडतो. त्याच कंपनीची कोरी कॅसेट आणली, तिच्यावर दुकानातून दुसऱ्याच एका बँडची गाणी भरून घेतली. सुधीरच्या अक्षरातला गाण्यांच्या यादीचा कागद माझ्याकडेच राहिला होता, तो डबीत घातला, मागचे तुकडे तोडले आणि नेऊन दिली. मनात हिशेब एकच होता… कान अर्धे गेलेत, याला काय कळणार?

तीन दिवसांनी गेलो. तो स्पीकरला कान लावून बसला होता. हल्ली मोठ्याने बोलायचा. “पक्या, झांजा गेल्या यार. मतलब, एकदम गायब. पण कुकर येतोय अजून.”

मी दिलेल्या कॅसेटवर कुकर नव्हताच. त्याला कळलंय आणि तो मला खेळवतोय, हीच पहिली शंका. तेवढ्यात काकू म्हणाल्या की त्या शिट्ट्या ऐकून त्या दोनदा गॅसकडे धावल्या. म्हणजे दोघं मिळून? की त्यांच्याकडे दुसरी कॉपी होती? साफ करून देतो म्हणून मी कॅसेट घरी नेली. लावली. मी भरून घेतलेलीच गाणी होती. कुकर नाही, काही नाही. मी कंपासच्या टोकाने स्क्रूजवळ बारीक फुली मारली आणि परत नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुली बघून मी स्वतः ती त्यांच्या टेपमध्ये घातली. बेस, ड्रम. मग शिट्टी. दुसरी. तिसरी. आणि काकूंचा आवाज. खऱ्या काकू दारात भाजी निवडत होत्या, त्या म्हणाल्या, “माझा आवाज इतका चिरका आहे होय?”

कॅसेट बाहेर काढली. फुली होती.

मग संशय त्यांच्या टेपरेकॉर्डरवर. आमचा उचलून त्यांच्याकडे नेला. त्यावरही ‘स्लो बेल’. तोच टेपरेकॉर्डर आणि तीच कॅसेट घरी आणली, तर पुन्हा दुसरा बँड. नागपूरला पत्र टाकून विचारलं, ती कॅसेट आहे ना? उत्तर आलं की आहे, वसूचं गाणं सगळ्यांनी पुन्हा पुन्हा ऐकलं, मुलगी पसंत आहे.

नवरात्रात सुधीरचे कान पूर्ण गेले. त्यानंतर आम्ही त्याच्याशी कागदावर लिहून बोलायचो. एका सकाळी तो मला म्हणाला, “शेवटचं जे नीट ऐकलं ना, ते ‘स्लो बेल’. तू आणून दिलीस म्हणून. थँक्यू.” आणि कागद-पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. त्याचे डोळे माझ्यावरच होते. त्याला माहीत होतं का? मी त्या चेहऱ्यावर शोधत राहिलो, काही सापडलं नाही.

कॅसेट त्याच्याकडेच राहिली. त्यांची बदली झाली, सामानात ती कुठे गेली त्यालाही ठाऊक नाही. तो टीबीतून बरा झाला, सोलापुरात असतो. त्या घरात काय वाजत होतं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. मी तपासायचं ते सगळं तपासलं.

त्या सकाळी कागद समोर होता, पेन्सिल हातात होती, आणि खरं सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या. मी लिहिलं, “मेन्शन नॉट.”