वडीगोद्रीचं पार्लर अन् रत्नागिरीचे शिंपले

वडीगोद्रीत हायवेला लागून माझं ब्युटी पार्लर आहे. नवरा गेला तेव्हापासून घर त्यावरच चालतं, अन् पोरगी शिकली तीही त्यावरच. शिकून काय झाली? तर रत्नागिरीला समुद्रातल्या शिंपल्यांवर संशोधन करते. शाम्पू, सनस्क्रीन, केसांचा रंग पाण्यातून समुद्रात गेला की शिंपल्यातल्या जीवाचं काय होतं, ते बघते. म्हणजे मी लोकांची डोकी धुवायची अन् हिनं त्याचा पंचनामा करायचा. माझं मागणं एकच होतं, पोरीला माझ्या कष्टाची कदर असावी.

ऐन लग्नसराईत ती सुट्टीला आली अन् पार्लरात येऊन बसली. खुर्चीत एक नवरी होती, चेहऱ्याला ब्लीच लावलेलं. हिनं तिलाच धरलं. शिंपला दिवसभर पाणी आत ओढतो अन् गाळतो, पाण्यात असेल ते सगळं त्याच्या पोटात जातं, पिल्लांचं कवचसुद्धा नीट धरत नाही, असं बरंच काही. नवरीला तोंड हलवायची बंदी, त्यामुळं बिचारीनं मुकाट ऐकलं. तोंड धुतल्यावर तिनं एवढंच विचारलं, की हे शिंपले खायला कसे लागतात.

नवरी गेल्यावर माझं डोकं सणकलं. मी पोरीला सुनावलं, की आपल्या नालीचं पाणी जातं गोदावरीला, अन् गोदावरी पार आंध्रात जाऊन दुसऱ्याच समुद्राला मिळते. तुझ्या रत्नागिरीच्या शिंपल्यांचं मी काय घोडं मारलंय? ती हसली, म्हणाली तिकडंही शिंपले आहेतच. घ्या, एक समुद्र कमी पडत होता!

मंग मी विचारलं, एवढा जीव का तुटतो तुझा त्यांच्यासाठी?

"आई, त्यांना दुखलंखुपलं सांगता येत न्हाई ना. म्हणून आपण बघायचं."

मला असा राग आला की विचारू नका.

"मला येतं की सांगता," मी म्हणलं. "मला कधी विचारलंस?"

ती उठली. जवळ आली, माझा हात धरून उलटापालटा करून पाहिला. डाय अन् ब्लीचनं बोटांची सालपटं निघालेली, भेगांत काळं बसलेलं.

"लई दुखतं का गं?"

किती वर्षं मला हेच कुणीतरी विचारायला पाहिजे होतं. अन् मी काय केलं? हात ओढून घेतला.

"न्हाई गं, कुठं काय," म्हणलं, अन् बाहेर बसलेल्या बाईला आत बोलावलं.